शोभीची तीन वर्षं

दादा, तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले आणि मला अजून एका जागी बसवत नाही. भाकरी थापायला बसते ती अर्ध्यातून उठते. अंगणवाडीत पोरं मोजते, आकडा विसरते, परत मोजते. वहिनी म्हणते, "कमलबाई, बसा की जराशा, सकाळधरून किती फिरायल्या." बसायचं कसं? आपलं भांडण चालू होतं आणि तू मधेच उठून गेलास. तशी ती खोड तुझी जुनीच. पण दर वेळी ओसरीवर जायचास, सुपारी कातरायचास आणि "हां, बोल आता" म्हणत परत यायचास. या वेळी मी नुसती वाट बघत राहिले.

भेटायला माणसं येतात. गुरुजी असे होते, गुरुजी तसे होते, आमच्या तीन पिढ्यांना अक्षर दाखवलं म्हणतात. मी चहा करते आणि ऐकते. सगळं खरं आहे. तरी माझ्या डोक्यात एकच चालू असतं, शोभीचं. आपल्या दोघांना भांडायला दुसरं काही होतंच कुठं?

माझी शोभी जन्मली ते वर्ष गावात कुणी विसरेल असं नाही. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पहिल्यांदा पेटला तो पावसाळा. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. गाड्या बंद, गंगाखेडचा दवाखाना लांब. गावोगावी दलितांच्या वस्त्यांवर माणसं चालून जात होती आणि आपल्या गावातही काठ्या घेऊन फिरणारे आपलेच भाऊबंद होते. सुईण खालच्या वस्तीतली. तू स्वतः जाऊन तिला सोबत घेऊन आलास. तिच्या घरावर आदल्या दिवशी दगड पडले होते, तरी ती आली आणि माझी सुटका करून गेली. आपण तिला लुगडं दिलं, तिला घरी पोचवून तू परत आलास आणि तिच्या वस्तीचं पुढं काय होतंय ते न बघता आपण दार लावून घेतलं. त्या दाराचं तुला पुढं कधी बरं वाटलं नाही. मलाही नाही.

शोभी उशिरा बसली, उशिरा चालली. चार वर्षांची झाली तरी पाचसहा शब्दांपलीकडं बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाही, पण कुणी बोललेलं तिसऱ्या दिवशी जसंच्या तसं म्हणून दाखवायची. पाथरीला माझ्या सासरी अंगारे झाले, गंडे झाले, कोंबडं उतरवून झालं. एकदा तिचं डोकं तापल्या सळईनं डागायची तयारी झाली होती, तेव्हा मी तिला घेऊन शेजारच्यांच्या कडब्यात दिवसभर लपले. आठव्या वर्षी त्यांनी मला सांगितलं की पोरगी ठेवून राहायचं असेल तर माहेरी राहा. तुला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी तू दारात. चहासुद्धा घेतला नाहीस. "बहीण बी आमची, लेकरू बी आमचं. नेतो," एवढंच बोललास आणि माझी पेटी खांद्यावर घेतलीस.

त्या दिवसाची एसटी मला अजून दिसते. कंडक्टरनं घंटी वाजवली की शोभी किंचाळायची, कान दाबून सीटवर डोकं आपटायची. मागून कुणीतरी म्हणालं, उतरवा त्यांना. मानवतच्या पुढं तू तिला मांडीवर घेतलंस आणि काय सुचलं कोण जाणे, तिच्या पाठीवर थापट्या देत बेचा पाढा म्हणायला लागलास. बे एके बे. बे दुणे चार. पोरगी गप. तू थांबलास की हुंकारायची, चालू केलंस की डुलायची. पुढच्या सीटवर कोकरू मांडीत घेऊन बसलेली एक धनगराची म्हातारी वळून म्हणाली, "मास्तर, थांबू नगा, लेकरू निवायलंय." मग काय, तिसापर्यंत पाढे झाले, पावकी झाली, निमकी झाली, परभणी येईपर्यंत अर्धी गाडी दिडकी म्हणायला लागली होती. मी खिडकीकडं तोंड करून रडत होते आणि हसत होते. त्या दिवसापासून शोभी तुला मामा म्हणायला लागली. मला ती आई म्हणत नव्हती, पण तुला मामा म्हणायची. मला त्याचा हेवा वाटला होता, आज सांगते.

तिथंच चूक झाली. महिनाभरात शोभीला वीसपर्यंतचे पाढे आले. एका चालीत, एक अक्षर न चुकता. तू गावभर सांगत सुटलास. पाढे येणारं लेकरू ढ असूच शकत नाही, हे तुझं तीस वर्षांच्या मास्तरकीचं शास्त्र. मी तुला सांगितलं होतं की तिला दोन बिस्किटं आण म्हटलं तर दोन म्हणजे काय ते तिला कळत नाही, ती पुडा आणते नाहीतर नुसती उभी राहते. तू म्हणालास, "तू मास्तर हायस का मी?"

जूनमध्ये तिचं नाव घातलंस. आपल्याकडं पोर शाळेजोगं झालं की नाही बघायची रीत ठरलेली, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की झालं सहाचं. आणि जन्मतारीख सगळ्यांची एक जून. तुझी एक जून, वहिनीची एक जून, तुझ्या शाळेतल्या झाडून सगळ्या पोरांची एक जून. शोभीचा हात कान सोडून पार मानेपर्यंत गेला. नऊची घोडी ती, जाणारच. तू टाक हातात धरून मला विचारलंस, "साल कोणतं टाकू?" तू तिचा मामा, सुईण तू आणलेली, तुला साल माहीत नव्हतं का? मी काही बोलले नाही. मग तूच म्हणालास, "लहानखुरी हाय, सहाची खपंल. तीन सालं मिळाली तर गाठंल ती." आणि लिहून टाकलंस. तुझं अक्षर सुंदर. ती खोटी तारीख सगळ्या रजिस्टरात उठून दिसत होती.

दोन वर्षांनी परभणीत मनाचे एक डॉक्टर बसायला लागले. तिथं जायचं मीच म्हणाले होते, हेही खरं. त्यांनी शोभीला ठोकळे दिले, मणी ओवायला दिले, चित्रं दाखवली. ती मधेच सतराचा पाढा म्हणायला लागली. डॉक्टर शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, हिच्या मनाचं वय सहाच्या आसपास आहे, हिचं खरं वय किती? तू शाळेचा उतारा पुढं सरकवलास. डॉक्टरांनी कागदावर बघितलं, आठ. "म्हणजे दोन वर्षं मागे आहे. फार नाही. नीट मेहनत घेतलीत तर शाळेपुरतं जमेल." शोभी तेव्हा अकराची होती, दादा. दोन नाही, पाच वर्षं मागे होती. तू माझ्याकडं बघितलं नाहीस आणि मी तुझ्याकडं बघितलं नाही. बाहेर येऊन तू पेढे घेतलेस. आपण तिघांनी स्टेशनच्या बाकावर बसून खाल्ले. मला माहीत होतं आणि तरी तो पेढा मला गोड लागला. गावी पोचेपर्यंत आपण दोघंही त्या डॉक्टरचं बोलणं खरं मानून बसलो होतो. खोटं आपणच पेरलं आणि आपणच त्याच्यावर विश्वास टाकला, असं शहाणपण दुसरीकडं कुठं बघायला मिळायचं नाही.

मग तुझी मेहनत सुरू झाली. रोज सकाळी ओसरीवर पाटी, चिंचोके आणि शोभी. "हे किती? आता ह्यातून तीन काढले, राहिले किती?" ती पाढा म्हणायची. तू म्हणायचास, पाढा नको, मोज. ती आणखी जोरात पाढा म्हणायची. तू चिकाटीचा माणूस. एवढ्या पोरांना तू मारून मुटकून वळण लावलंस, हिच्यावर मात्र दोन वर्षं आवाजसुद्धा चढवला नाहीस, हे मी कबूल करते. पण सोडलं नाहीस. एखादी दुसरी असती तर पळून गेली असती. शोभीला पळता येतं हेसुद्धा माहीत नव्हतं. ती मनगट चावायला लागली. आधी दात उठायचे, मग सालटं गेलं, मग तिथं घट्टा पडला. रात्रंदिवस म्हणत असलेले पाढे तिनं टाकून दिले. वाती वळताना ती एक हुं हुं करायची, तेही बंद झालं. एका सकाळी तू पट्टी मारलीस, एकदाच, हातावर. त्या दिवशी तू जेवला नाहीस. आणि त्या दिवसापासून तिचा मामा शब्द गेला. तू ओसरीवर आलास की ती दाराआड जायची. तू हे कधी कुणाजवळ बोलला नाहीस. पण एकदा मी तुला बघितलं होतं, तू दाराआड उभ्या असलेल्या शोभीला हळूच बेचा पाढा म्हणून दाखवत होतास, त्या एसटीतल्या चालीवर. तिनं कान दाबून घेतले. मी मागच्या मागं निघून गेले. तेव्हा तुझ्याजवळ यायला हवं होतं मी. आले नाही, कारण मला तुझा राग आला होता आणि तो मला सोडायचा नव्हता.

ती तेरावं ओलांडून चौदाव्यात गेली आणि शाळेत, पाचवीच्या वर्गात, न्हाण आलं. तिला काय झालं ते कळेना. ती तसल्याच परकरानं फळ्यापर्यंत चालत गेली. पोरं हसली. बाईंनी माझ्याकडं आणून सोडली आणि जाता जाता विचारलं, "कमलबाई, हजेरीपटात तर हिचं वय लय कमी दिसायलंय?" त्या दिवशी मी तुला म्हणाले, बस झालं. परभणीला चल, डॉक्टरला खरं वय सांग. त्यांनी चुकीच्या वयावरून सांगितलंय, लेकराला आपण न झेपणाऱ्या जागी ओढायलो.

तू म्हणालास, "खाडाखोड निघाली तर चौकशी लागंल. दीड साल राहिलंय माझं. पेन्शन अडकली तर खायचं काय सगळ्यांनी? रिटायर झालो की दुसऱ्या दिवशी जाऊत."

तुझी स्वतःची तारीखही तुझ्या गुरुजींनीच ठरवलेली, एक जून, त्यामुळं मे संपला आणि तू रिटायर झालास. दुसरा दिवस उजाडला, दुसरा महिना उजाडला. पेन्शनचे कागद औरंगाबादला अडकलेत म्हणालास. पेरणी आहे म्हणालास. नव्या वर्षात विद्यापीठाला नाव मिळालं, पुन्हा दगडफेक झाली, तेव्हा तर तुला बरंच झालं. "गाड्या बंद हायत, कमल, मी काय करू?" मी म्हणाले, हिच्या जन्मालाबी गाड्या बंदच होत्या, तवा तू चालत गेला होतास. तू सुपारी घेऊन ओसरीवर गेलास.

आणि मग सातवीच्या परीक्षेचा फॉर्म. शोभीला न विचारता, मला न विचारता तू तो भरून आलास. केंद्र राणीसावरगावला. अनोळखी शाळा, अनोळखी बाक, तीन तास. मी विचारलं, ती तिथं काय लिहिणार? तू म्हणालास, "नाव तरी लिवंल. बसू दे की. बसली एवढं तरी म्हणता यील." आता मला कळतं, तुला ते कुणाला म्हणून दाखवायचं होतं. गावाला नाही, स्वतःलाच. पण त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मी वहिनीसमोर, अंगणात, गडी माणसं ऐकत असताना तुला म्हणाले, "माझ्या लेकीची तीन सालं खाल्लीस तू."

तुझा चेहरा पडला. मग म्हणालास, "खाल्ली न्हाईत, बाई. दिली व्हती." आणि उठलास.

चौथ्या दिवशी शेताकडून तुला बाजेवर घालून आणलं. मधल्या तीन दिवसांत आपण बोललो नव्हतो. मी ताट वाढत होते, तू जेवत होतास. मी मीठ जास्त झालं का विचारणार होते, तेवढंसुद्धा विचारलं नाही. अंगणातलं ते वाक्य मी रोज उगाळते. खाल्लीस. कुणाला म्हणाले मी हे? ज्यानं पाथरीहून माझी पेटी खांद्यावर आणली, त्याला. त्यानं मला सात वर्षं एकदासुद्धा विचारलं नाही की किती दिवस राहणार. माझं चुकलं, दादा. मला ते परत घ्यायचं आहे आणि कुणाकडून घेऊ ते कळत नाही. आणि अजून राग आहे, तोही खोटा नाही. शोभीच्या मनगटाकडं बघितलं की येतो.

तुला नेलं तेव्हा शोभी रडली नाही. बायका कुजबुजल्या, बघा, जीव लावला मामानं आणि हिला काही नाही. तिसऱ्या दिवसापासून ती ओसरीवर तू बसायचास त्या जागेच्या अलीकडं येऊन थांबते. पुढं जात नाही. दाराआडही जात नाही. त्याचा अर्थ काय, मला लावता येत नाही आणि मी लावणारही नाही. लावलेल्या अर्थांनी आपलं पुरतं वाटोळं केलंय.

काल परभणीला जाऊन आले. जायचं ठरलं तेव्हा वहिनीला भीती वाटत होती, कारण तुझ्या पेन्शनचे कागद आता तिच्या नावावर व्हायचेत आणि कुठून कोण काय काढील सांगता येत नाही. तिनं रात्रभर विचार केला असावा. सकाळी मी शोभीची वेणी घालत होते तर वहिनी पातळ बदलून समोर. "मी बी येते. तुमी एकल्या कशाला." गाडीत आम्ही शोभीला दोघींच्या मधे घेतलं. शोभीनं कान दाबून धरले होते. मी पाढे म्हटले नाहीत, तिच्या कानावर माझेही हात ठेवले.

तेच डॉक्टर. केस पांढरे झालेत थोडे. त्यांनी पुन्हा ठोकळे दिले, मणी दिले, तासभर बघितलं. मनाचं वय साडेसहा-सात म्हणाले, आणि जुना कागद काढून तेव्हाच्या आठावरून आता बारा असा हिशेब मांडला. मी म्हणाले, "बारा नाही, डॉक्टर. पंधरा पूर्ण. पहिल्या दंगलीच्या पावसाळ्यातली आहे ती. तेव्हा आठ सांगितली, ती अकराची होती."

त्यांनी पेन खाली ठेवला. शोभीकडं बघितलं, तिच्या मनगटाकडं बघितलं. मग हळू आवाजात सांगायला लागले. पाटी बंद करा, परीक्षा बंद करा. तिला स्वतःची आंघोळ, पाळीची घडी, कपड्यांची बटणं शिकवा. गावाचं नाव आणि तुमचं नाव सांगायला शिकवा. कुणी अंगाला हात लावला तर ओरडायला शिकवा, ते सगळ्यात आधी. एक एक गोष्ट, महिने लागतील, पण तिला येईल. वाती वळते म्हणता ना, वळू द्या. मी ऐकत होते आणि मला एवढं हलकं वाटत होतं की त्याची लाज वाटत होती. चार वर्षं उशिरा का होईना, कुणीतरी माझ्या लेकीला तिच्या खऱ्या वयानं बघत होतं.

मग त्यांनी मान वर केली. "ही चुकीची तारीख शाळेत कुणी दिली?"

वहिनीचा हात माझ्या दंडावर आला. मोकळ्या मनगटाचा हात, अजून सवय नाही मला त्याची.

"मी दिली," मी म्हणाले. "भाऊ हेडमास्तर होता, त्यानं विचारलं. मी सांगितलं तेच त्यानं लिहिलं. त्याला काही माहीत नव्हतं."

डॉक्टर चिडले. त्यांचं बरोबर होतं. म्हणाले, तुम्ही आई आहात का कोण आहात? शिकलेल्या दिसता. अंगणवाडी चालवता. इतकी वर्षं एका लेकराला झेपणार नाही ते ओढायला लावलंत, तिच्या तोंडातले शब्द गेले, हात चावून घेतला तिनं, आणि तुम्ही गप्प बसलात? लोक काय म्हणतील एवढंच होतं ना? पाच मिनिटं ते बोलत होते. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावून बघत होती.

त्यातलं निम्मं तुझ्या वाटचं होतं, दादा. मी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.